न पाठवलेली तिसरी शंका

शैला,

मी तुला पाठवलेली शेवटची मेल एका ओळीची होती. ‘वाचलं. छान झालं आहे. एकही शंका नाही.’ इतक्या वर्षांत मी तुला इतकं थोडं कधी लिहिलं नव्हतं, आणि इतकं खोटंही.

तुला जाऊन महिना होत आला. तुझ्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, तुमच्या अंगणातल्या मांडवात एकेक जण उभा राहून तुझ्याविषयी चांगलं बोलत होता. गावाची लेक, पुण्यातली शास्त्रज्ञ, एवढी शिकली तरी अहिराणी विसरली नाही, वगैरे. मी बायकांमध्ये मागे बसले होते. तुझ्या भावाने, विजूभाऊंनी, मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मान हलवली. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. तसं नव्हतं. बोलले असते तर खरं बोलावं लागलं असतं, आणि ते आधी तुला सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून आज कॉलेजात रजा टाकून बसले आहे. सावकाश लिहिणार आहे. ‘सुलू, तू लिहितेस की स्वेटर विणतेस?’ असं तू विचारायचीस. आज विणू दे.

आपला तो नियम तोरणमाळला ठरला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची सहल. घाटात तू एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली होतीस आणि वर पोचताच मात्र सगळ्यांच्या आधी तलावाच्या कडेने झुडपं चाळायला निघालीस. संध्याकाळी सरांना दाखवायच्या कागदावर तू एका वेलीचं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलंस. मी म्हणाले, फळ पाहिलंस का? नाही. फुलाच्या पाकळ्या मोजल्यास? दोनच फुलं होती. पानाच्या मागे लव आहे, ती पुस्तकात या वेलीला लिहिलेली नाही, ते पाहिलंस? तू माझ्यावर चिडलीस, रात्रीचं जेवण माझ्याशी न बोलता जेवलीस, आणि सकाळी एकटीच परत जाऊन फळ शोधून आणलंस. नाव चुकलं होतं. कागद खोडलास आणि मला म्हणालीस, ‘आतेपासून मी काय बी लिखं ना, का तू तीन शंका काढशी. तीनच. एक कमी नही, एक जास्त नही. आन वाहवा नही करनी.’

मी विचारलं, तीन निघाल्याच नाहीत तर?

‘मंग तू वाचंच नही, आसं समजसू.’

शास्त्र आपण मराठीत आणि इंग्रजीत बोलायचो, भांडण मात्र अहिराणीत. पुण्याच्या होस्टेलात बाकीच्या मुली म्हणायच्या, तुम्ही दोघी भांडता की गाणं म्हणता तेच कळत नाही.

पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर मी परत आले आणि तू राहिलीस. यावरचं आपलं भांडण कधी संपलं नाही. तू म्हणायचीस, मी भ्याले. मी म्हणायची, शहाद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायलाही कोणीतरी लागतं. तू म्हणायचीस, ते खरं आहे, पण तू त्यासाठी परत गेली नाहीस. दर दिवाळीला हे भांडण तिथूनच सुरू व्हायचं. आता मी एकटीच दोन्ही बाजू बोलते. तुझी बाजू माझ्या तोंडी जास्त पटते, हे तुला सांगायला हवं होतं.

तुझं काम मला पहिल्यांदा नीट समजलं ते तू ते तुझ्या मायला समजावून सांगत होतीस तेव्हा. तुमच्या मळ्यात, कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या वेळी. माय वाकून बोंडं वेचत होती, तू बांधावर बसून कुरतडलेलं पान उन्हाकडे धरलं होतंस आणि मी सावलीत. माय आपल्या दोघींकडे पाहून म्हणाली, ‘तू बी मास्तरीन, हाई बी मास्तरीन. मंग कापूस येचाले कोन जाई?’

तू उठली नाहीस. म्हणालीस, ‘माय, अळी पान खास ना, तवय पान दुसरा पानले सांगस.’

‘कसं सांगस? त्याले काय तोंड शे?’

मग तू सांगितलंस. प्रथिनं ज्या बारीक मण्यांची बनतात ती ॲमिनो आम्लं. त्यातलं एक ग्लुटामेट. पान फाटलं की पेशींमधून ते बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशीला खबर लागते. ते डोळ्याला दिसत नाही. पण समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात एक प्रथिन असतं, निळा उजेड पडला की ते हिरवं चमकतं. आणि एका जिवाणूकडे दुसरं प्रथिन असतं, दोन तळव्यांसारखं, ग्लुटामेट मध्ये आलं की तळवे मिटणारं. ही दोन्ही जोडून एक केली. तळवे मिटले की चमकणाऱ्या प्रथिनाला ओढ बसते आणि ते उजळतं. तळवे उघडले की मंदावतं. हे वरून टोचायचं नाही. त्याचा जनुकातला मजकूर रोपाला दिला की रोपाच्या पेशी स्वतःच ते बनवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पान ठेवायचं, एका टोकाला जखम करायची आणि उजेड कसा पुढे सरकतो ते पाहायचं.

मायने कमरेची झोळी सावरली. ‘म्हंजे पानना पोटमा दिवा लायेल शे.’

‘हा.’

‘मंग तुन्ही मैतरीन काय करस?’

‘ती पान वाटस, पाणी काढस, कागदवर टाकस, वरून दवाई मारस आन जांभया डाग देखस. पानना पंचनामा.’

दोघी हसलात. मला राग आला होता. मी कॉलेजात मुलांना कागदावर जांभळे डाग पाडून ॲमिनो आम्लं ओळखायला शिकवते, अजूनही शिकवते, कारण आमच्या प्रयोगशाळेत तेवढंच होतं. पण तू म्हणालीस ते बरोबर होतं. वाटलेल्या पानात किती होतं एवढंच मला कळतं. कधी, कुठे, कुणाकडे जाताना, हे कळायला पान जिवंत हवं.

पुढच्याच वर्षी तू आमच्या कॉलेजात आलीस. ते मी कधी विसरणार नाही. खिडक्यांना काळी चादर लावली, निळ्या उजेडाची बॅटरी आणि पिवळी काच तू पिशवीतून आणली होतीस. एका काचेच्या नळीत पाणी दिसत होतं, तुझं प्रथिन विरघळलेलं. तू त्यात ग्लुटामेटचा थेंब टाकलास आणि पाणी हिरवं झालं. नंदुरबारकडून रोज येणारी, धडगावची, नवापूरची, सगळी मुलं बाकांवर उभी राहिली. एकीने विचारलं, ‘मॅडम, हे विझतं का?’ तू म्हणालीस, ‘विझतं. म्हणून तर कामाचं. जे कायम पेटलेलंच असतं ते काही सांगत नाही.’ त्या मुलीने पुढे एम.एस्सी. केलं. तिने ते तुझ्यामुळे केलं की नाही मला माहीत नाही. मी तिला सात वर्षं शिकवलं असतं तरी तो प्रश्न तिला सुचला नसता, एवढं माहीत आहे. त्या दिवसासाठी मी तुझे आभार मानले नव्हते. एसटी स्टँडवर तुला सोडताना पुन्हा ‘तू परत का आलीस’ वर आपण आलो आणि बस लागली.

एवढ्या वर्षांत तू मला जे जे पाठवलंस त्यावर मी तीन तीन शंका लिहिल्या. काही फालतू होत्या, संख्या भरायला. काहींनी तुझे महिने खाल्ले. एकदा तू फोनवर म्हणालीस, ‘तुन्ही दुसरी शंका देखीसन मी कालदिन जेवनी नही.’ पण तो प्रयोग तू पुन्हा केलास. नंतर सांगितलंस की तुझ्या प्रयोगशाळेतल्या अनघाबाईंना तू माझी ओळख अशी करून दिलीस: ही माझी शहाद्याची मैत्रीण, ही माझं काही खपवून घेत नाही. मला त्याचा किती अभिमान वाटला होता ते मी तुला कळू दिलं नाही.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. पुण्याला थोडे दिवस, मग विजूभाऊ सुरतेला असतात म्हणून सुरतेला. मी नंदुरबारहून गाडी पकडून दोनदा आले. दुसऱ्या वेळी तुझ्या उशाला लॅपटॉप होता आणि हाताला सुई. तू म्हणालीस, लेख झाला आहे, दिवाळीआधी तुला पाठवते, पुढच्या महिन्यात मासिकाकडे जाऊ दे.

तो लेख मी आठ दिवस वाचला. इतकं सुंदर तू काही लिहिलं नव्हतंस. मोहरीच्या कुळातल्या त्या वीतभर रोपाचं पान, देठापाशी कात्रीने दिलेली जखम, आणि शिरांमधून पुढे सरकत जाणारी हिरवी लाट. एकापुढे एक आठ चित्रं. मी ती छापून घेतली आणि टेबलावर ओळीने मांडली. आणि नेहमीप्रमाणे पेन्सिल घेतली.

पहिली शंका साधी होती, पानांच्या वयाबद्दल. दुसरी एका आलेखाच्या मापाबद्दल. तिसरी लिहायला मला दोन दिवस लागले. पेशींच्या बाहेर, त्यांच्या भिंतींच्या फटीत जे पाणी असतं ते थोडं आंबट असतं. पानाला जखम झाली की ते आंबटपण काही वेळ उतरतं. हे मी मुलांना शिकवते. आणि तुझं हिरवं प्रथिन आंबट पाण्यात मंद असतं, आंबटपण उतरलं की उजळतं. ग्लुटामेट असो वा नसो. मग ही लाट ग्लुटामेटची की उतरणाऱ्या आंबटपणाची?

याला उपाय तूच मला पूर्वी शिकवला होतास. त्याच प्रथिनाची एक आंधळी जुळी बनवायची. तळव्यातला एकच मणी बदलायचा, म्हणजे त्याला ग्लुटामेट धरता येत नाही, बाकी सगळं तसंच. मग जखम करून पाहायचं. आंधळी उजळली नाही तर लाट ग्लुटामेटची. तीही उजळली, तर आपण फसलो. तुझ्या लेखात आंधळी होती. पण ती तू फक्त नळीतल्या पाण्यात तपासली होतीस. जखमी पानात नाही. तू हे कसं विसरलीस ते मला कळलं. त्या वर्षी तू दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात होतीस.

तिसरी शंका मी लिहिली. पूर्ण पानभर. मेल उघडून ती टाइपसुद्धा केली. तेवढ्यात विजूभाऊंचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, फार तर पाच-सहा आठवडे. तिला काही त्रास होईल असं बोलू नका, असं विजूभाऊ मला सांगत होते, आणि माझ्यासमोर पडद्यावर ते पानभर होतं.

मी ते पुसलं. ती एक ओळ लिहिली. पाठवली.

तुझा फोन दहा मिनिटांत आला. ‘एक बी नही?’

‘एक बी नही.’

‘नीट वाचं ना तू?’

‘हा. आठ दिन.’

 तिकडून दवाखान्याच्या गाड्याची चाकं ऐकू येत होती. मग तू म्हणालीस, ‘बरं’, आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. तू कधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली नव्हतीस.

मी हे दयेपोटी केलं असं मी महिनाभर स्वतःला सांगत आले. ते बहुतेक खरंही आहे. पण तू असतीस तर तिथे थांबली नसतीस, म्हणून मीही थांबत नाही. तुझ्या लेखातली खोट मला दिसली आणि ती फक्त मलाच दिसली होती, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. परत आलेल्या मास्तरणीला दिसलं, पुण्याला नाही. आणि ‘राहू दे तिला तिची लाट’ असं मी मनात म्हणाले त्यात माया होती, तशी वरून खाली पाहण्याचीही एक चव होती. ती तुला फोनवर लागली असेल का? मला वाटतं लागली असेल.

डॉक्टरांचे आठवडे चुकले. तू चार महिने होतीस. दवाखान्यातून गावी आलीस, अंगणात खाट टाकून उन्हाला बसू लागलीस, मायच्या हातची कळण्याची भाकरी थोडी थोडी खाऊ लागलीस. संक्रांतीनंतर मी आले तेव्हा रस्ताभर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या होत्या आणि मला उशीर झाला. तू खाटेवर पुस्तक उघडं टाकून वाट पाहत होतीस. मी तुला कॉलेजातल्या गमती सांगितल्या. नव्या प्राचार्यांच्या, परीक्षेच्या. तू ऐकून घेतल्यास. मग एकदम म्हणालीस, ‘तुन्ह्या शंका कोठे गयात वं?’

मी हसले. म्हणाले, ‘आते मी म्हतारी व्हयनू. डोकं चालत नही.’

तू माझ्याकडे बघत राहिलीस. रागाने नाही. ‘मी आजून शे ना वं, सुलू,’ म्हणालीस.

मी तुझी शाल सारखी केली. शैला, मी तुझी शाल सारखी केली! त्या वेळी माझ्याकडे सगळं होतं. तुझं ऊन, तुझं डोकं, दुपार, आणि पिशवीत वहीच्या आत घडी केलेलं ते पान, कारण मी ते टाकून दिलं नव्हतं. पुण्याला फोन केला असतास तर अनघाबाईंनी आठ दिवसांत प्रयोग केला असता. आंधळीचा मजकूर तयारच होता. नवं रोप वाढवायची वाट न पाहता तंबाखूच्या पानात तो तीन दिवसांत उतरतो, तूच सांगितलं होतंस. तुझी लाट गेली असती. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास. आणि मग ‘आंबटपणाची लाट तर आंबटपणाची लाट’ म्हणत तू त्यातून दुसरं काही उभं केलं असतंस, कारण तू वेलीचं फळ शोधायला एकटी परत जाणारी बाई होतीस. तेवढी ताकद तुझ्यात होती की नव्हती, हे ठरवणारी मी कोण होते?

त्यानंतर तू तीन आठवडे होतीस.

मासिकाच्या परीक्षकांचं उत्तर तुझ्या शेवटच्या दिवसांत आलं होतं. अनघाबाईंनी ते घरी कळवलं नाही, पण प्रयोग लावला. तू गेल्यानंतर दहाव्या दिवशी त्यांनी मला फोन केला. परीक्षकाने विचारलं होतं ते जवळजवळ माझ्याच शब्दांत होतं. आंधळीही उजळली होती. जवळजवळ डोळस इतकीच.

‘मॅडम, लेख मागे घ्यावा का?’ अनघाबाई म्हणाल्या. ‘शैलाताईंचं नाव… लोक काय म्हणतील, शेवटचं काम चुकलं.’

मी त्यांना एक दिवस मागितला. तो दिवस गंधमुक्तीचा निघाला. तुमच्या दारात गेले तर उत्तरकार्याच्या पत्रिकेवर, तुझ्या फोटोच्या खाली, विजूभाऊंनी ते हिरवं पान छापून घेतलं होतं. मांडवातल्या मोठ्या फलकावरही तेच. ‘माझ्या बहिणीने शोधलेला उजेड.’ लोक हात जोडून त्याच्यापुढे उभे राहत होते. म्हणून मी बोलले नाही. त्या दिवशीही नाही.

अनघाबाईंना मी त्यानंतर कळवलं की लेख मागे घेऊ नका. आंधळीचा प्रयोग त्यात घाला, लाट ग्लुटामेटची आहे हे वाक्य काढा, फसगत कशी होते ते लिहा, आणि तिचं नाव होतं तिथेच, पहिलं ठेवा. तिने हेच सांगितलं असतं, असं मी म्हणाले. तुझ्या वतीने बोलायचा मला अधिकार नव्हता. ज्या वेळी तू स्वतः बोलू शकत होतीस त्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं. पण आता दुसरं कोण बोलणार होतं?

राहिली माय. लेख छापून आला आणि कुणी शहाण्याने येऊन तिला सांगितलं, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. काल गेले. माय ओट्यावर नवे गहू निवडत बसली होती, विजूभाऊ सुरतेहून आलेले. ते पान आता काचेत घालून भिंतीला लावलं आहे, तुझ्या फोटोच्या शेजारी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

विजूभाऊंचा चेहरा उतरला. ‘म्हंजे खोटं निघनं ते? मंग काढी टाकू का फोटो?’

‘फोटो खरा शे भाऊ,’ मी म्हणाले. ‘पान उजयनं व्हतं. कसामुये उजयनं, ते चुकनं.’

मायचे हात सुपात थांबले होते. ‘तुले कवय समजनं?’

‘दिवाळीना आधी.’

‘तिले सांगं?’

‘नही.’

‘काबर?’

‘ती आजारी व्हती ना माय.’

‘आजारी व्हती,’ माय म्हणाली. ‘येडी नही व्हती.’

विजूभाऊ उठून आत गेले. त्यांना वाटलं असेल, ती आता मला हाकलते. मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण माय सुपातले खडे बाजूला काढू लागली आणि जरा वेळाने म्हणाली, ‘तू एकलीच नही. शेवटे शेवटे घरमा तिन्हासंगे कोनीच भांडे ना. जे मांगे ते दी टाकूत. एक दिन माले म्हने, माय, माले रागे तरी भर.’

‘मंग?’

‘मन्हातून नही व्हयनं.’

मी तिच्याशेजारी बसले. तिने सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, ‘आते सांग माले. तिले सांगती तसं सांग.’

मग मी तिला तिसरी शंका सांगितली. पहिल्यापासून, पूर्ण, काही न गाळता, अहिराणीत. पेशींबाहेरचं पाणी, त्याचं आंबटपण, जखम, आंधळी आणि डोळस. तुझ्याशी बोलताना यायचा तसा माझा आवाज चढला. माय मध्ये मध्ये थांबवत होती. आंबट म्हणजे कैरीसारखं का चिंचेसारखं? त्याहून फार कमी, माय. आंधळीला दिसत नाही तर ती उजळते कशाला? तिला पाणी बदललेलं कळतं, पाण्यात काय आलं ते कळत नाही. मायने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

मग तिने विचारलं, ‘जखम कशानी करी व्हती तिनी?’

‘कातरनी.’

‘कातरनी काबर? कापूसना पानले काय कातर खास? अळी खास. आन अळी थुका लाईसन खास. मी देखेल शे, पान वलं ऱ्हास तठे.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘तो थुका आंबट शे का नही?’

मी गहू हातात धरून बसले. तू मळ्यात अळीचं पान उन्हाकडे धरून सगळं सुरू केलंस, आणि पुण्याला जाऊन हातात कात्री घेतलीस, कारण कात्री वेळेवर चालते आणि अळी आपल्या मर्जीने. तुझ्या लेखात अळी नाही. अनघाबाईंनी विचारलं नाही, परीक्षकाने विचारलं नाही, माझ्या पानभर शंकेतही नाही. अळीची लाळ जखमेवर पडली तर तिथलं पाणी आंबट होतं, की त्याचं आंबटपण आणखी उतरतं, की काहीच नाही? त्यावर तुझी आंधळी काय करेल, आणि डोळस काय?

‘माहीत नही माय,’ मी म्हणाले.

‘तिले माहीत व्हतं का?’

‘नही. पन तिनी शोधी काढं ऱ्हातं.’

मायने सूप पुन्हा आपल्याकडे ओढलं. 

मायचा हा प्रश्न ऐकून तू ताडकन उठून बसली असतीस, शैला. संक्रांतीनंतरही, मी गप्प राहिले तेव्हा, तुला अजून उठून बसता येत होतं.